फौंड्रीचं काळं

फौंड्रीत राबणाऱ्या माणसाच्या अंगातून जे काही काळं बाहेर येईल ते फौंड्रीचंच, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून मानता?

आम्ही आण्णांच्या सांगण्यावरून मानलं. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात ओतकामाचे साचे भरायचे. त्यांची थुंकी काळी, रुमाल काळा. तीन दिवस शौचाला काळं झालं, तेही त्यांनी कोळशाच्या भुकटीवर ढकललं. कंबरदुखीसाठी ते उपाशीपोटी, नुसत्या चहावर गोळ्या घ्यायचे. ओव्हरटाइम असला की चार-चार. दुखणं घरी सांगायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

पत्रकं वाचायचं वेड मला त्यांनीच लावलं. युनियनच्या गेटसभेत मिळालेलं पत्रक खिशातून घडी करून आणायचे आणि जेवताना मला मोठ्यानं वाचायला लावायचे. त्या दिवशी वाचता वाचता मान वर केली, तर आण्णा घामानं निथळत होते. हात गार. उठून मोरीपाशी गेले आणि खालीच बसले. चहाच्या चोथ्यासारखी उलटी झाली.

"कधीपासून होतंय हे?" आईनं विचारलं.

"उलटी आत्ताच. तिकडं काळं होतंय तीन दिवस. फौंड्रीचं असतंय गं ते."

"फौंड्री गिळता काय तुम्ही?"

शेजारचे काका त्यांच्याच खात्यात भट्टीवर होते. त्यांनी टेंपो आणला आणि आम्ही चिंचवडहून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांनी जठरात जखम झाली आहे, त्यातून रक्त वाहतंय. तेच पोटातून खाली उतरताना डांबरासारखं काळं होतं. त्यांनी नाकातून नळी घातली. मिठाचं बर्फगार पाणी आत सोडायचं, परत ओढायचं. ते लालच यायचं. हाताला रक्ताची बाटली लावली आणि सांगितलं, "आणखी लागेल. माणसं आणा, नाहीतर मी काही सांगू शकत नाही."

काका शिफ्ट सुटताना गेटवर उभे राहिले आणि अकरा जणांना घेऊन आले. त्यांतल्या सगळ्यात धिप्पाड गड्यानं सुई बघून डोळे मिटले.

"काय राव, रसरसतं लोखंड ओततोस आणि सुईला भितोस?"

"लोखंड माझ्या दंडात ओतत नाहीत, भावा."

आण्णांच्या शेजारच्या साच्यावर काम करणारे बौद्ध काका दाराशीच थांबले होते. आईला हळूच म्हणाले, "वहिनी, माझं चालंल ना?" वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसाला हे विचारावं लागलं, याचा राग मला आजही येतो. नळीमुळे आण्णांना बोलता येत नव्हतं. त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि नर्स बोलवायला येईपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळीतून नितळ पाणी आलं. आई नळीखालच्या तामचिनीच्या भांड्याकडे बघतच बसली.

बरे होऊन कामावर गेल्यावर आण्णा जेवणाच्या सुट्टीत एकेकाला गाठून शौचाचा रंग विचारू लागले. मी पत्रक लिहायला घेतलं. आई म्हणाली, "असलं कुणी छापतं का?" आण्णा म्हणाले, "लाजेनंच मेलो असतो मी. लिही."

म्हणून लिहिते. डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं होत असेल किंवा उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर शिफ्ट संपायची वाट बघू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा. आणि तुमच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस हे सांगायला लाजत असेल, तर आज जेवणाच्या सुट्टीत तुम्हीच त्याला विचारा.