बप्पांच्या जीपचा गोटा

जुन्या गाडीच्या बॅटरीवर पांढरी-हिरवी भुकटी आपोआप साचते ना, तसे आमच्या गेवराईच्या दुकानात किस्से साचतात. झाडून काढले तरी चार दिवसांत परत तेवढेच! मी विलास. हायवेच्या कडेला माझं बॅटरीचं दुकान, समोर काळ्या-पिवळ्या जीपांचा स्टँड. नंबर लागेपर्यंत जीपवाल्यांना बसायला माझीच पायरी लागते. निम्मे किस्से तर एकट्या बप्पांचे!

बप्पा म्हणजे चकलांबा लाइनवरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. त्यांची जीप त्यांच्या लेकीपेक्षा, मनीषापेक्षा वयानं मोठी. बॅटरीला वायर आवळून धरणारे दोन्ही क्लॅम्प झिजून ढिल्ले झालेले. चावी फिरवली की नुसतं 'टक्'! मग बॉनेट उघडायचं आणि क्लॅम्पवर दगड हाणायचा. त्यासाठी एक काळा गोटा सीटखाली कायमचा ठेवलेला.

नियम असा, की पुढच्या सीटवर बसेल त्यानं गोटा मारायचा आणि बप्पांनी चावी फिरवायची. एकदा बँकेचे नवीन साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढं बसले. बप्पांनी गोटा त्यांच्या मांडीवर ठेवला. "उतरा साहेब. फुडं बसणाऱ्याचं काम हाय ह्ये." साहेबांनी बिचाऱ्यांनी हाणला. दुसऱ्या दिवशी पुढची सीट रिकामी होती, तरी साहेब मागं बोकडाशेजारी जाऊन बसले!

जीप सुरू व्हायला वेळ लागणार हे चकलांब्याला पाठ. त्यामुळं गावात रीतच पडली. पाहुण्यानं आधी जीपमध्ये बसायचं, निरोपाचं बोलणं मग काढायचं. सासरी निघालेल्या लेकींचं सगळं सुखदुःख बॉनेट उघडं असतानाच बोलून व्हायचं.

*

बप्पांच्या जीपमधला टेप थेट बॅटरीवर जोडलेला. खड्डा आला की क्लॅम्प हलायचा आणि गाणं बंद! पुढच्या खड्ड्यात क्लॅम्प परत चिकटायचा, की गाणं चालू. मधला तुकडा मागच्या बाया म्हणायच्या. शिरूर कासारच्या बाजाराला जाताना मी स्वतः ऐकलंय, एकीनं सूर धरला की अख्खी जीप गायची! आपला रस्ता लई चांगला, खड्डे भरपूर, त्यामुळं कुणाला फार वेळ गावं लागलं नाही.

*

एकदा जीप पहिल्याच चावीला सुरू व्हायला लागली. मला संशय आला. बॉनेट उघडून बघतो तर क्लॅम्पच्या फटीत तांब्याची पट्टी ठोकलेली!

"बप्पा, ही कुठली?"

"हाय घरची."

तेवढ्यात कलावती काकू, म्हणजे बप्पांची बायको, दुकानात आल्या. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावलं आणि कपाळाला हात लावला. पूजेच्या पळीची दांडी! चार दिवस घर पालथं घातलं होतं त्यांनी.

"अवो, म्हादेवाला पाणी कशानं घालू आता? का बॅटरीतलंच घालू?"

बप्पा शांत. "गाडी चालू झाली का न्हाई? मंग! द्येव पावलाच म्हनायचा."

*

आता माझं सांगतो. मला एकच घमेंड आहे, हाताची. मी आवळलेला क्लॅम्प हलला तर दुकानाला कुलूप लावीन, असं मी चारचौघांत सांगत असतो. स्टँडवरचा रशीद, बप्पांचा जोडीदार ड्रायव्हर, त्याला हे खपायचं नाही. एकदा त्यानं स्वतःच्या जीपचा क्लॅम्प दोन्ही हातांनी धरून गदागदा ओढला. बॅटरी जागची उठली, पण क्लॅम्प हलला नाही!

"काय बे," रशीद हात चोळत म्हणाला, "कावून एवढा आवळतो? काढायचा कसा मंग?"

*

तर मनीषाचं लग्न ठरलं, शिरूर कासारला. नवरदेवाच्या मामांनी निरोप धाडला, नवरीसाठी पांढरी कार आणतो, जीप वाटेत बंद पडली तर अपशकुन नको. बप्पांना ते लई लागलं. पण मनीषानं सांगून टाकलं, "मी बप्पाच्याच गाडीत जानार."

बप्पा तडक दुकानात. "इलास, नवे टाक दोन्ही!"

काय सांगू, मला तर सणच वाटला! जुने क्लॅम्प काढले, बॅटरीवर गरम पाणी ओतलं, ब्रशनं भुकटी घासली, पितळेचे नवेकोरे क्लॅम्प बसवून जीव खाऊन आवळले, वरून ग्रीस. बप्पांनी चावी फिरवली. भुर्र्! रशीदनं पायरीवरच फेर धरला. बप्पा बंद करायचे, चालू करायचे, आणि हसायचे.

"आता गोटा टाका की फेकून," मी म्हणालो.

"असू दे. तो काय भाकर मागतोय का?"

*

लग्नाच्या दिवशी काकू सकाळपासून पंगतीत. लेकीजवळ घडीभर बसायला सवड मिळाली नाही. गावच्या रीतीप्रमाणं त्यांनी बोलणं गाडीसाठी राखून ठेवलं होतं. पोचवायला बापानं जाऊ नये म्हणतात, पण ड्रायव्हरला कुठलं आलंय ते! मनीषा नवरदेवाशेजारी बसली. काकू पदराला हात पुसत खिडकीशी आल्या, "मनू..." एवढंच म्हणाल्या, आणि बप्पांनी चावी फिरवली.

भुर्र्! पहिल्याच चावीत!

माझी छाती फुगली. रशीदनं शिट्टी मारली. मामा खूश, "वा! चला, चला, निघा आता!"

काकूंचा हात खिडकीवर तसाच राहिला. मनीषा आईकडं बघत होती.

बप्पांनी आरशात पाहिलं आणि चावी बंद केली. खाली उतरले, बॉनेट उघडलं, सीटखालचा गोटा काढला आणि माझ्या क्लॅम्पला जराही धक्का न लावता शेजारच्या पत्र्यावर ठकाठक हाणायला लागले.

"काय झालं हो?" मामा घाबरले.

"ढिल्ला हाय," बप्पा म्हणाले आणि सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्यावर ओरडले, "कावून रं इलास, क्लॅम्प ढिल्ला ठिवलास व्हय?"

रशीद माझ्या तोंडाकडं बघायला लागला. तिकडं खिडकीशी काकू लेकीच्या गालावरून हात फिरवत बोलायला लागल्या होत्या.

मी पाना घेऊन पुढं झालो.

"व्हय बप्पा," मी मोठ्यांदा म्हणालो, "ऱ्हायलाच माझ्याकडून. लई ढिल्ला हाय. टाइम लागंल!"