चालत्या गाडीत जेवणारी बॅटरी

गाडी थांबली की बॅटरी आप्पा आधी वायरीला हात लावत. पाणी नंतर, बिडी नंतर, आलेल्या माणसाला रामराम नंतर. जीप आणि मागचा ट्रेलर यांच्यामधून जाडजूड काळी वायर लोंबत असे. तिच्यावर तळहात टेकवून ते डोळे मिटून क्षणभर उभे राहत. मग म्हणत, "थंड हाय. पोटभर जेवली." वायर कोमट लागली तर जोड सैल असणार. मग खुद्द गावचा पाटील समोर उभा असला तरी आप्पा ट्रेलरखाली आडवे होत.

मी फोटोग्राफर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बेळगावात माझ्याजवळ जागा नव्हती, म्हणून मी फिरता स्टुडिओ काढला. लिलावातली जुनी जीप घेतली, उद्यमबागेच्या कारखान्यांच्या वस्तीत पत्र्याचा बंद ट्रेलर बांधून घेतला. आत रंगवलेला पडदा, एक बाकडं आणि ट्रकच्या हेडलाइटचे चार दिवे, पुढं बटर पेपर लावलेले. दिव्यांसाठी ट्रेलरमध्ये दोन मोठ्या बॅटऱ्या. संकेश्वर, निपाणी, खानापूर, जिथं बाजार तिथं आम्ही. अडचण एकच होती. दुपारपर्यंत बॅटऱ्या थकत आणि नंतरच्या गिऱ्हाइकांचे चेहरे काविळीच्या रोग्यासारखे येत. मग बॅटऱ्या उतरवायच्या, दुकानात चार्जिंगला टाकायच्या आणि दुसरा दिवस बसून काढायचा.

मीच शहाणपण करून जीपच्या डायनामोपासून ट्रेलरपर्यंत घरात वापरतात ती साधी वायर ओढली, गाडी पळता पळता बॅटऱ्या भराव्यात म्हणून. बेळगावहून निपाणीपर्यंत पळवली, तरी बॅटरी होती तशीच. तेव्हा कुणीतरी आप्पांचं नाव सांगितलं. आप्पा वडगावच्या विणकराघरचे. बापाचा हातमाग होता, पण ह्यांना लहानपणापासून गाड्यांच्या वायरिंगचा नाद. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांनी माझी वायर दोन बोटांत धरून चोळली, सूत पारखावं तशी, आणि म्हणाले, "मास्तर, ह्या दोऱ्यानं लंगोटी बी विनत न्हाईत."

उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून त्यांनी वेल्डिंगची जाड केबल आणली. एक नव्हे, दोन. मी म्हटलं, दुसरी कशाला, ट्रेलरचा हूक लोखंडाचाच आहे, करंट त्यातून परत येईल की. आप्पा हसले. "जायाला डांबरी रस्ता केलासा, आनि परत येताना चिखलातनं या म्हनताय व्हय? त्यो हूक गंजलाय, खडखडतोय. करंट बी मानसासारखाच असतोय, वाट बरी असली तरच जातोय." दोन्ही केबली जोडल्या. जीपच्या पुढच्या फळीवर बॅटरीत किती करंट जातोय ते दाखवणारा काटा बसवला. त्या दिवशी आम्ही खानापूरला गेलो आणि शेवटच्या गिऱ्हाइकाचा चेहरा पहिल्याइतकाच उजळ आला. संध्याकाळी मी आप्पांना माझ्याबरोबरच ठेवून घेतलं.

त्यांच्या लेखी बॅटरी हे जित्राब होतं. काटा उजवीकडं गेला की म्हणत, "जेवाय लागलीया, बोलू नका." जेवण अर्धवट राहिलेलं त्यांना खपत नसे. एकदा संकेश्वरला पोचलो तेव्हा काटा अजून उजवीकडंच होता, म्हणजे बॅटरीची भूक शिल्लक होती. आप्पांनी गाडी थांबवलीच नाही. बाजाराला एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. लोकांना वाटलं कसली तरी मिरवणूक आहे. कुणी हात जोडले, एका म्हातारीनं पुढं येऊन ट्रेलरच्या पत्र्याला हळद-कुंकू लावलं. एक जण विचारत होता, "आत कुठला द्येव हाय वो?" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "रांगेत या, आत गेल्यावर सोताचंच तोंड दिसंल." त्या दिवशी माझ्याजवळच्या सगळ्या फिल्म संपल्या.

निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका फोटोला येत. त्यांच्या लुगड्यांतून तंबाखूची बारीक धूळ उडायची आणि बंद ट्रेलरमध्ये शिंका यायच्या, त्यांना नव्हे, आम्हाला. त्या सरावलेल्या. मी क्लिक करणार तोच मला शिंक यायची आणि समोरच्या बाकड्यावरच्या चौघी खोखो हसायच्या. आप्पा दिवा धरून उभे. ते म्हणाले, "मास्तर, तुमी शिंकल्यावरच दाबत चला. बायका तवाच हसत्यात." मी तसं करू लागलो. निपाणीतल्या कित्येक घरांत आजही माझे फोटो असतील. त्यात बायका मनापासून हसताहेत, त्याचं कारण हे.

आप्पांचा दुसरा नेम प्लगचा. ट्रेलरकडं जाणाऱ्या केबलीला मध्ये प्लग होता आणि गाडी थांबली की तो उपसून काढायलाच हवा. नाही काढला तर ट्रेलरचे दिवे जीपच्या बॅटरीतलंही पिऊन टाकणार. "हात धुतल्याबिगर जेवू ने, आनि प्लग काडल्याबिगर दिवा लावू ने," असं ते म्हणत. तो ते स्वतःच काढत, माझ्यावर सोपवत नसत.

आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला घेतलं, ते सांगतो.

निपाणीजवळच्या एका संस्थेला फिरत्या दवाखान्यांसाठी सहा ट्रेलर करायचे होते. आमचा ट्रेलर त्यांच्या पाहण्यात आला होता. पसंत पडला तर सहाही ट्रेलरांचं वायरिंग आप्पांकडं येणार होतं. आप्पांनी उद्यमबागेत एक शेडसुद्धा बघून ठेवली होती. दाराची उंची दोरीनं मोजून आणली होती. "ट्रेलर आत घालून पाठ सरळ ठिवून काम करायचं, मास्तर," असं म्हणायचे. ठरलेल्या दिवशी ते वायरिंगचा नकाशा घेऊन सकाळच्या बसनं पुढं गेले. जीप मी चालवत नेली.

संस्थेच्या मैदानात मी थोडा लवकर पोचलो. संस्थेची मंडळी भोवती जमली. फोटो काढता का, म्हणाली. मला मोठेपणा वाटला. मी चारी दिवे लावले आणि तासभर त्यांचे फोटो काढत बसलो. आप्पा आत कचेरीत इंजिनिअर साहेबांना नकाशा समजावत होते. मग सगळे बाहेर आले. आप्पा जीपमध्ये बसले, स्टार्टर दाबला. टक् असा आवाज आला आणि पुढं काही नाही. दोन्हीकडच्या बॅटऱ्या रिकाम्या. साहेबांनी वाकून केबल पाहिली. प्लग जागेवर होता.

त्यांनी मला विचारलं, "गाडी थांबल्यावर हा प्लग काढायचं काम कोणाचं?"

मी म्हणालो, "आप्पांचं."

हे वाक्य वर्षातल्या प्रत्येक दिवशी खरं होतं. त्या एकाच दिवशी ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, काटा वाचावा तसं. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "चुकलं साहेब. आता धक्का माराय चार मानसं द्या." धोतर सावरत संस्थेची मंडळी लागली, जीप सुरू झाली, सगळे हसले, आप्पाही हसले. साहेबांनी मात्र सांगितलं, माणसाच्या आठवणीवर चालणारी गोष्ट दवाखान्याला चालणार नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. काम दुसरीकडं गेलं. महिनाभरात आप्पांनी हॉर्नचा रिले बसवून अशी जोडणी केली की इंजिन बंद पडलं की ट्रेलरकडं जाणारा करंट आपोआप तुटायचा. ती बघायला कुणी आलं नाही. शेडही गेली.

परतीच्या वाटेवर आप्पाच बोलले. "तुमची गिऱ्हाइकं त्या गावात हायत. माझं काय, मी कुठंबी वायर जोडीन." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. काढला तो लोकांनी. निपाणीच्या स्टँडवर, संकेश्वरच्या बाजारात, "काय आप्पा, आज प्लग काडला का न्हाई?" असं कुणीही विचारी. आप्पा म्हणत, "काडलाय, खिशात हाय, बगताय?" आणि लोक हसत. मीही त्यांच्याबरोबर हसलो. एकदा नाही, कित्येकदा.

पुढं मला बेळगावात जागा मिळाली, फिरता स्टुडिओ बंद झाला. आप्पांनी वडगावात रस्त्याकडेला छोटं दुकान टाकलं आणि उभं आयुष्य ट्रकांखाली पाठीवर आडवं पडून काम केलं. तीन वर्षांपूर्वी ते आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी गेलो. खाटेशेजारी बसून एका दमात सगळं सांगितलं. आप्पा इतके हसले की त्यांना खोकला आला.

"मला तवाच ठाऊक हुतं की, मास्तर. मी बसनं गेलतो न्हवं? पर मला सांगून काय उपेग? आमच्या आक्काला सांगा. इतकी वर्सं ती मला इसरभोळा म्हनतीया. मीठ आनाय इसरलो तरी त्यो प्लग काडतीया."

आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं माझ्यावर चिडतील. त्या आधी आप्पांवरच चिडल्या. "आनि तुमी मला बी सांगितला न्हाईसा? घरात बायकूला बी?"

"तू बाजारात बोलली असतीस," आप्पा म्हणाले.

"बोललेच असते."

"म्हनूनच."

आक्कांनी चहा केला. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "मास्तर, आमच्या घरात सांगून फिटत न्हाई. तेनी चारचौघांत बोलनी खाल्ली. चारचौघांत सांगा."

मी हो म्हणालो आणि लांबवत राहिलो. आप्पा गेल्या वर्षी गेले. या आठवड्यात हे लिहून झाल्यावर मी वडगावला जाऊन आक्कांना वाचून दाखवलं. बाजारातल्या फेऱ्या ऐकताना त्या पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी विचारलं, "ह्यात त्यांचं नाव कुठं हाय?"

मी म्हटलं, सगळे त्यांना बॅटरी आप्पाच म्हणायचे, म्हणून तेच लिहिलं.

"चूक अंगावर आली तवा सगळ्यास्नी नाव ठाऊक हुतं. आता बी लिवा."

त्यांचं नाव परशराम यल्लाप्पा, राहणार वडगाव. त्या दिवशी प्लग मी काढला नव्हता.