डांबरावर न चढलेली सायकल

तात्यांनी सगळी नोकरी रस्त्यावर डांबर टाकण्यात घालवली, आणि स्वतःची सायकल मात्र, एक वेळ सोडली तर, कधी डांबरावर घातली नाही. ते बांधकाम खात्यात मैलकुली होते, म्हणजे घमेलं-फावडं घेऊन आपल्या टप्प्यातल्या रस्त्याचे खड्डे बुजवणारा माणूस. आमच्या पारनेर तालुक्यातल्या त्या गावात एसटीच्या थांब्यापाशी डांबरी रस्ता आडवा येई. तिथं ते खाली उतरत, सायकल हातात धरून पलीकडं नेत आणि मुरूम लागला की पुन्हा टांग टाकत. कुणी हसलं तर म्हणत, "डांबर मी टाकलंय बाबा. त्याच्या पोटात काय काय हाय ते मला ठावं."

ते माझ्या सासऱ्यांचे दोस्त, आमच्या भिंतीला भिंत लागून घर. मला सूनबाई म्हणायचे. त्यांची धाकटी बहीण माझ्या माहेरच्या गावात दिलेली होती, कुकडी नदीच्या काठाला. आम्ही तिला सोनाकाकू म्हणायचो. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एकटीच राहायची. दर गुरुवारी तात्या तिच्याकडं जात. गाव म्हणायचं, म्हातारा माशांसाठी जातो. ते अगदीच खोटं नव्हतं. तात्यांच्या सुनेनं माळ घातली होती, घरात मासळी शिजत नव्हती. पण नुसत्या रश्शासाठी कुणी एवढा मुरूम तुडवत नाही. ते दोघं समोरासमोर बसायचे, दोन तास कचाकचा भांडायचे आणि उठताना खुशीत असायचे.

मलाही माहेरी जायचं तर त्या बाजूला एसटी नव्हती. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी त्यांच्या कॅरिअरवर बसून जायला लागले. चाळिशीची बाई म्हाताऱ्याच्या मागं सायकलवर बसते म्हणून लोक बोलले. बोलणाऱ्यांतल्या एकानंही मला कधी गाडी जुंपून दिली नाही, म्हणून मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

तात्या तो रस्ता आवाजावरून ओळखायचे. गाव सोडलं की फॉरेस्टचा चढ. "इथं दळतोय," म्हणायचे. चढ संपून वळण आलं की चाकाखाली मुरूम शेंगा भाजल्यासारखा तडतडायचा. "आता भाजतोय बघ." मग जुनी बारव. तिथं उतरून पायऱ्यांवर बसायचं, घाम पुसायचा. पुढं करंजाच्या झाडीतून रस्ता नदीकडं उतरायचा. "गप झाला. म्हंजे पानी जवळ आलं."

नदीच्या अलीकडं पडक्या देवळासमोर वीरगळ उभे होते, जुन्या लढाईत मेलेल्यांचे दगड. त्यातल्या पहिल्यापाशी तात्या दोनदा घंटी वाजवायचे. ती घंटी सोनाकाकूंच्या घरापर्यंत ऐकू जायची आणि त्या कालवण चुलीवर ठेवायच्या. मी विचारलं, "दगडाला घंटी कशाला?"

"आपला मानूस हाय त्यो. रस्त्यावर काम करताना गेला."

"तात्या, तो घोड्यावर बसलाय. हातात तलवार आहे."

ते उतरले, दगडावर बोटं फिरवली. "फावडं हाय गं. नीट बघ."

"घोड्यावर बसून कुणी खड्डे बुजवतं का?"

"मुकादम असंल मग," म्हणाले आणि टांग टाकली.

मी हसले होते. ते दगडाला हात लावून का बघतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते त्यानंतर महिन्याभरानं. बारवेपुढं रस्त्यात एक बैलगाडी उभी होती, कडब्यानं भरलेली, बैल सोडलेले. तात्या सरळ तिच्यावर निघाले. मी ओरडले, पाय खाली घासले, दोघंही पडलो.

"दिसत नाही का तुम्हाला?"

"गाडी बोलत नव्हती ना," ते म्हणाले. मग धूळ झटकत बसून राहिले. "उजेड कळतो. बाकी कायबी न्हाई. काचबिंदू हाय. डाक्टर म्हनला, गेलेली नजर परत येत न्हाई." सायकल उभी करत म्हणाले, "अशोकला सांगू नको सूनबाई. त्यो सायकल काढून घेईल. मग सोनीकडं जानं संपलं."

अशोक त्यांचा मुलगा. मी त्याला सांगितलं नाही. एकच अट घातली, मला घेतल्याशिवाय जायचं नाही. मागं बसून मी "गुरं आलीत, डावीकडं घ्या" असं सांगायची. दीड-दोन वर्षं असं चाललं.

मग माझ्या भावजयीला कळा लागल्या. तिला दवाखान्यात आणणारी जीप भर पावसात फॉरेस्टच्या चढाला चिखलात रुतली. मूल तिथंच झालं आणि तिथंच गेलं. रस्ता डांबरी करा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज निघाला, त्यावर मी सही केली. पुढच्या गुरुवारी तात्यांनी विचारलं, "सही केलीस म्हनं?"

"केली."

"बरं केलंस," म्हणाले. पण त्या दिवशी रस्ता कुठं दळतो, कुठं भाजतो, काही बोलले नाहीत.

डांबर पडलं त्या आठवड्यात मी तापानं निजले होते. गुरुवार आला आणि तात्या एकटेच निघाले. दुसरी वाट नव्हती, आयुष्यात पहिल्यांदा सायकल डांबरावर घातली. फॉरेस्टच्या वळणाला चाकाखाली काही तडतडलंच नाही. वळण आलं हे त्यांना कळलं नाही, ते सरळ रस्त्याकडेच्या चारीत गेले. शेरडं राखणाऱ्या एका बाईनं बघितलं म्हणून निभावलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. मी भेटायला गेले तर म्हणाले, "डांबर मुकं असतंय, सूनबाई."

अशोकनं सायकलला साखळी लावली. माझ्या दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू तेव्हाच साखळी लावली असतीस."

तो चिडला, त्याचं चुकलं नव्हतं. एका म्हाताऱ्याचा जीव माझ्या गप्प राहण्यापायी चालला होता, हे माझंच चुकलं. सहीचं मात्र चुकलं नाही. आजही करीन.

तात्या ओट्यावर बसून राहायचे. गुरुवारी जेवायचे नाहीत. सोनाकाकूंचा निरोप आला, "दादाला म्हनावं, भांडायला कोन न्हाई." गुडघ्यांमुळं त्यांना इकडं येणं होत नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी मी अशोककडं किल्ली मागितली.

"वहिनी, तुम्हाला सायकल येते?"

"नाही. शिकीन."

मी नऊवार नेसणारी, काष्टा होता म्हणून दांडीची सायकल जमली. तात्या ओट्यावरूनच शिकवायचे. "हँडल आवळू नको. चाकाला बोलू दे की जरा." मी पडले की त्यांना आवाजावरून कळायचं कोणत्या अंगावर पडले ते. दोन्ही गुडघे फोडून घेतले, पण महिन्यात आलं.

आता अडचण त्यांचीच. डांबरावर बसणार नाहीत. हात गळ्यात अडकवून ते रस्त्याच्या गँगकडं गेले, मी हाताला धरून नेलं. तिथला मुकादम त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. डांबराच्या कडेची साइडपट्टी भरायची तशीच राहिली होती.

"साइडपट्टी कोन भरनार? तुजा बाप?"

"भरतो की तात्या."

"माती टाकून जाशील. खडा मुरूम आन. वाजला पायजे."

गँगनं भरली, चांगली दाबून भरली. मग दर गुरुवारी मी पुढं, तात्या कॅरिअरवर, त्या हातभर पट्टीवरून. माझं चाक जरा डांबरावर गेलं की पाठीत बोट खुपसायचे. "खाली उतर." पाच-सहा वर्षं मी त्यांना नेलं. त्यांचं वजन दरवर्षी कमी लागायचं.

एका उन्हाळ्यात, पहाटे, ते झोपेतच गेले. सोनाकाकूंना कळवायला अशोक माणूस पाठवत होता. मी म्हटलं, मी जाते.

वीरगळापाशी उतरले. दगड नीट बघितला. तलवारच आहे. मी पहिल्यापासून सांगत होते. तरी दोनदा घंटी वाजवली, आणि वाजवल्यावर ध्यानात आलं की ती वाजवायला नको होती.

सोनाकाकूंनी चूल पेटवली होती, कालवण वर होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या मागच्या रिकाम्या कॅरिअरकडं बघितलं. पातेलं खाली उतरवलं.

"घंटी तू वाजवलीस व्हय?"

"मीच. चुकलं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. चुलीवर पाणी मारलं, पदर खोचला. "मला ने."

"गुडघे दुखतील."

"दुखू दे."

त्यांना कॅरिअरवर बसवलं आणि साइडपट्टी धरली. त्या रस्त्यानं त्या कितीतरी वर्षांत आल्या नव्हत्या. बारव गेली. फॉरेस्टच्या वळणावर त्यांनी माझी कंबर घट्ट धरली.

"कसला गं ह्यो आवाज?"

"रस्ता भाजतोय," मी म्हटलं.