गल्लीभर दिसलेलं आमचं फाटक

बाबा कामाला होते ती कापड मिल बंद झाली आणि त्यांनी घराचा खालचा मजला भाड्याने दिला. आम्ही वर राहायला गेलो. जिना बाहेरून, फाटकाला आतून कडी, आणि मध्ये पोर्चचा पत्रा, त्यामुळे वरून कितीही वाकलं तरी फाटकात कोण आहे ते दिसायचं नाही. भाडेकरू नवरा-बायको दिवसभर नोकरीवर. म्हणजे घंटी वाजली की उतरायचं आईनं. तिचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, आणि दिवस असे आले होते की रोज दुपारी कुणीतरी टाय लावून दारात उभं. आज धुण्याची पावडर, उद्या पाण्याचा फिल्टर, परवा धूळ ओढायचं मशीन. आई खाली जायची, “नको हो भैया” म्हणायची आणि कठड्याला धरून परत वर यायची.

“तुम्ही का नाही उतरत?” मी एकदा बाबांना विचारलं.

“हे उतरले की ते लोक जातच नाहीत,” आईच म्हणाली. “हे त्यांना बसवून घेतात. चहा पाजतात.”

खरंच होतं ते. विणकाम खात्यात सुपरवायझर असताना बाबांना दिवसभर माणसं लागायची. आता कुणी मशीन विकायला आलं तरी त्यांना बरं वाटायचं.

मी तेव्हा विजय नगरमधल्या एका नव्या कंपनीत बिलिंगला होते. आमची कंपनी दुकानांना कॉम्प्युटर आणि कॅमेरे विकायची. गिऱ्हाइकांना दाखवून दाखवून जुना झालेला एक काळा-पांढरा कॅमेरा कपाटात पडून होता. आईचे गुडघे साहेबांच्या कानावर गेले तेव्हा ते म्हणाले, “घेऊन जा घरी. टीव्हीला जोडा. माताजींना बसल्या जागी फाटक दिसेल.”

आमचा टीव्ही जुना, मागे केबलची वायर लावायला एकच भोक. ऑफिसातल्या टेक्निशियननं मला सांगितलं की मध्ये मॉड्युलेटर लागेल, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीच्या एखाद्या चॅनेलवर आणणारी डबी. ती डबी आणि वायरचं भेंडोळं घेऊन मी शनिवारी घरी आले. बाबांनी पेटी उघडली, पक्कड काढली, चष्मा पुसला. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं घाईत मी पाहिलं नव्हतं.

रविवार अख्खा त्यातच गेला. कॅमेरा पोर्चच्या खांबाला लावला तर सकाळच्या उन्हात येणारा प्रत्येक माणूस कोळशासारखा दिसायला लागला. तो फिरवला. मग चित्रात आडवे पट्टे. ते कधी यायचे, कधी जायचे. शेवटी आईच स्वयंपाकघरातून म्हणाली, “मी मिक्सर लावला की होतंय वाटतं.” कॅमेऱ्याची वायर आम्ही विजेच्या वायरीला चिकटून आणली होती. ती काढून खिडकीच्या बाजूनं नेली. आता केबलचे कार्यक्रमही हवेत आणि फाटकही हवं, म्हणून बाजारातून दोन वायरी एकत्र करणारा एक छोटा जोड आणला, त्यात केबल आणि कॅमेरा दोन्ही खोचले आणि टीव्हीला लावलं. एका रिकाम्या चॅनेलवर फाटक आलं. स्वच्छ. कुंड्यांसकट.

“अरे वा!” बाबा म्हणाले आणि धावत खाली जाऊन फाटकात उभे राहिले. हात हलवला. आईनं टीव्हीकडे बघून हात हलवला. मग त्यांना ती दिसत नाही हे लक्षात आल्यावर जोरात हसली.

पुढचे काही दिवस आई राणीसारखी बसून होती. टायवाला दिसला की ती उठायचीच नाही.

त्याच आठवड्यात मला बघायला मंडळी येणार होती. मुलगा देवासला कारखान्यात नोकरीला. घरात पाहुणे येणार आणि टीव्ही चालू हे आईला शोभेना, म्हणून तिनं तो बंद करून त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. घंटी वाजली, बाबा उतरले, मंडळी वर आली.

मुलगा दिसायला बरा होता, पण बसला अवघडून. डावा हात मांडीखाली. बशी दिली तर एकाच हातानं घेतली. बाहीवर ओला डाग. त्याची आई मधूनमधून त्याच्याकडे रागानं बघत होती. मी दोन प्रश्न विचारले, त्यानं दोन शब्दांत उत्तरं दिली.

मंडळी गेल्यावर आई म्हणाली, “हात रिकामे, शर्ट मळका. बघायला यायची ही रीत झाली? मला नाही पटलं.” नकार कळवायचा असं ठरल्यासारखंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातल्या, इथल्याच माळव्यातल्या मावशी दही मागायला आल्या. पातेलं पुढे करून त्यांनी विचारलं, “क्यों बाई, कल गाय पूरी मिठाई खा गई क्या?”

“कोणती गाय?” आई म्हणाली.

“अरे, वो लड़का आया था ना! हमने टीवी पे देखा।”

बाबाही हातातलं वर्तमानपत्र ठेवून पुढे आले. मावशींनी सगळं सांगितलं, मध्ये मध्ये हातवारे करून. मुलाचे आई-वडील रिक्षाचे पैसे देत मागे थांबले होते. मुलगा मिठाईची पिशवी घेऊन पुढे आला आणि फाटकात भांग नीट करत होता, तेवढ्यात मागून गायीनं पिशवीला तोंड घातलं. त्यानं मिठाई सोडून दिली. पण गाय पिशवीही गिळायला लागली तेव्हा तो घाबरला, आणि कोपरापर्यंत हात भरवून घेत त्यानं ते प्लास्टिक तिच्या तोंडातून ओढून काढलं. मग गायीच्या मानेवर थोपटलं, पिशवीची घडी करून खिशात ठेवली आणि घंटी दाबली.

“लड़का अच्छा है,” मावशी म्हणाल्या. “पूरी गली बोल रही है।”

“पण तुमच्या टीव्हीवर कसं?” मी विचारलं.

“हमको लगा तुमने ही सबके लिए लगाया है।”

मी त्यांच्या घरी धावले. आमचं फाटक तिथं दिसत होतं, जरासं फिकट, पण आमचंच. मी खिडकीतून ओरडले, बाबांनी आमच्या घरी जोडातून केबलची वायर उपसली. फाटक गेलं. परत खोचली, आलं. आमचा टीव्ही बंद असला तरी कॅमेरा आणि डबी चालूच असायची, आणि त्या जोडातून आमचं चित्र उलट्या दिशेनं केबलमध्ये शिरत होतं आणि गल्लीभर जात होतं. म्हणजे मी वेणी घालत दूधवाल्याशी भांडले ते, बाबांनी हात हलवला तो, सगळं लोकांनी पाहिलं होतं.

बाबा त्याच दिवशी बाजारातून एक बटणाचा खटका घेऊन आले. एका बाजूला केबल, दुसऱ्या बाजूला कॅमेरा, दोघांची भेट नाही. समोरच्या मावशी थोड्या हिरमुसल्या. “दोपहर में अच्छा टाइम कट जाता था,” म्हणाल्या.

संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या पीसीओतून देवासला फोन लावला. मुलीनं असा फोन करायची पद्धत नव्हती, पण आई म्हणाली, “कर. मी सांगते म्हणून कर.”

“मिठाई कोणती होती?” मी विचारलं.

फोन मुलानंच उचलला होता. “मावाबाटी. पण तुम्हाला कसं...”

“हात लपवून का बसला होतात?”

“वास येत होता हो,” तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही इतके हसलो की पीसीओवाल्यानं काचेवर टकटक केली.

लग्न त्याच हिवाळ्यात झालं. त्याआधी गल्लीतल्या दोन घरांनी बाबांना कॅमेरा बसवून मागितला. मी साहेबांना सांगितलं, आणि साहेबांनी पुढे दुकानांच्या कामांवरही त्यांना बोलवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ते एका कापड दुकानातून परत आले तेव्हा केसांत चुना आणि खिशात स्क्रू होते. दुकानदाराशी, नोकरांशी, गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलून त्यांचा घसा बसला होता. तरी जेवताना ते थांबायला तयार नव्हते, आणि आई शेवटी म्हणाली, “अहो, आधी पोळी तर खा.”