मधली शांतता

मराठवाड्याच्या संगीतात पितळी वाद्यांचं स्थान अढळ आहे. ते नाचणारी पोरं आणि नवरदेवाचा घोडा यांच्या मधोमध असतं, आणि तिथून ते जरा बाजूला सरकवायचा प्रयत्न मी गेली बरीच वर्षं करतो आहे.

मी ट्रम्पेट वाजवतो. धारूरला आमची बँड पार्टी आहे. वडील बँडमास्तर होते, त्यांच्या मागे मी मास्तर झालो. मधली काही वर्षं पुण्यात काढली. तिथे नोटेशन लिहायला शिकलो, नाटकांच्या आणि स्टुडिओंच्या वाद्यवृंदांत बसलो, आणि लक्षात आलं की आपल्या रागांतून ट्रम्पेटसाठी स्वतंत्र असं कुणी फारसं लिहिलेलं नाही. जिथे गर्दी नाही ते काम मला आधीपासूनच आवडतं. गावी परतलो आणि लिहायला बसलो. जिल्ह्यातल्या बँडांना सिनेमाची गाणी वाद्यांत वाटून देणं हा माझा धंदा, आणि स्वतःच्या रचना हा हट्ट. आमच्या गल्लीत दोन्हीला एकच नाव आहे : मास्तर कागद काळे करतात.

त्यातली मारव्यातली एक रचना मला इतरांपेक्षा जवळची होती. सुरुवात जलद, सगळ्या वाद्यांची. मग एकदम शांतता, चांगली लांब, श्वास रोखून धरलेला कळेल इतकी. त्या शांततेतून एकट्या ट्रम्पेटचा संथ भाग निघतो आणि त्याच्याखाली इफोनियम, म्हणजे आमचं जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, खर्जातला एकच सूर धरून राहतं. ही रचना कधीच शेवटपर्यंत वाजली नव्हती. एका लग्नात जेवणाच्या वेळी सुरू केली, तर नवरीच्या मामांनी येऊन नाचायचं काहीतरी मागितलं. एका शाळेच्या संमेलनात अर्ध्यावर पाहुणे पोचले आणि आम्हाला स्वागताची धून वाजवावी लागली. पाहुणे नेहमी उशिरा येतात, पण माझ्या रचनेच्या आधी कधी येत नाहीत आणि नंतरही येत नाहीत.

यंदा मात्र थांबायची सोय नव्हती. इफोनियम वाजवणारा माझा बालमित्र दरवर्षी दसऱ्यानंतर बायकोबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात जातो. वर्षाचा अर्धा भाग आमच्या बँडचा खर्ज उसाच्या फडात असतो, ही आम्ही मान्य केलेली गोष्ट आहे. पण या पावसाळ्यात त्याचे वरचे पुढचे दात हलायला लागले. दवाखान्यात सांगितलं की काढावे लागतील. त्या दातांवरच वाद्याचं तोंड टेकतं. ते गेले की त्याचं वाजवणं गेलं.

"फडावर जायच्या आदी एकदा पुरं वाजवू," तो म्हणाला. "मंग काय काढायचे ते काढू दे."

तालमी आम्ही बाजारातल्या रिकाम्या शेडमध्ये घेतल्या. जलद भाग सहज बसला. अडलं ते शांततेपाशी.

"हे मधी रिकामं कावून ठेवलंय बे?" मित्रानं विचारलं.

"तिथं थांबायचं."

"कुणी मेलंय का?"

त्याचं बरोबर होतं. आमच्याकडे चालती वरात दोनच ठिकाणी मुकी होते : दवाखान्यासमोर, आणि ज्या घरी मयत झालंय त्या घरासमोर. दोन घरं मागे वाजवणं बंद, दोन घरं पुढे गेल्यावर सुरू. त्यामुळे बँडवाल्याला शांतता माहीत असते, पण ती संगीतात मोडत नाही. आमच्या ढोलवाल्या काकांना तर ती सोसवेच ना. प्रत्येक तालमीत त्या जागी त्यांच्या काडीची एक थाप पडायचीच.

"काका, तिथं काही नाही वाजवायचं."

"मी कुठं वाजवलं? हातच गेला."

"हात आवरा."

"लई वर्षं झाली मास्तर, हाताला आता कोण सांगणार? तुमीच सांगा त्याला."

शेवटी ठरलं की शांतता आली की काकांनी काड्या मांडीखाली घालून त्यांच्यावर बसायचं. हे मी कागदावरही लिहिलं. जगातल्या कुठल्याही रचनेत ही सूचना नसेल.

वाजवायला जागा मिळाली ती चौसाळ्याकडच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. गावात सगळे त्यांना दादा म्हणत. आमंत्रण स्वागताच्या धुनेसाठी होतं. मी अट घातली की स्वागत वाजवू, पण भाषणांच्या आधी आमची एक रचना होईल, अखंड. दादांच्या माणसानं विचारलं, "देशभक्तीचं हाय का?" मी म्हटलं, शास्त्रीय आहे. तो म्हणाला, "मंग चालंल. त्याला कुणी हरकत घेत न्हाई."

मांडव मोठा होता. दादांवर जेसीबीतून फुलं टाकली गेली. क्रेनला टांगलेला हार इतका अवजड होता की तो दादांना घातला नाही; दादाच त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. सूत्रसंचालकानं त्यांची तुलना आधी सूर्याशी आणि मग वडाच्या झाडाशी केली. सूर्याची सावली पडत नाही आणि वडाखाली काही उगवत नाही, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग आमच्याकडे वळून तो माइकपासून तोंड बाजूला घेत म्हणाला, "दोन मिनिटांत आटपा."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हे मी पुढाऱ्यांच्या कार्यक्रमांतच शिकलो.

जलद भाग सुरू केला. मांडव नेहमीसारखाच बोलत होता. मागे कुणीतरी शिट्टी मारली, एका ओळीत पाण्याच्या बाटल्या फिरत होत्या, पुढे दोघंजण दादांबरोबर फोटो काढून घेत होते. भाग संपत आला तेव्हा सूत्रसंचालक माइककडे निघालेला मला दिसला. आम्ही थांबलो. काकांनी काड्या मांडीखाली घातल्या आणि डोळे मिटून घेतले.

बँड बंद पडल्यावर पहिल्या ओळीतल्या दादांनी मान वर केली. त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो होतो, आणि मधला म्हातारा डोळे मिटून होता. दादांनी आयुष्यात अशा कित्येक शांतता पाळल्या असतील. त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि ते उभे राहिले.

त्यांच्यामागे पहिली ओळ उठली. मग सगळा मांडव उठला. सूत्रसंचालक होता तिथेच ताठ झाला. व्यासपीठाच्या पायरीपाशी दोन कार्यकर्ते उभे होते, त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं.

"कोण गेलं?"

"असंल कोणीतरी. गप उभा ऱ्हा."

मी मित्राकडे पाहिलं. त्यानं इफोनियम ओठांना लावलं होतं. आता समजावून सांगत बसलो असतो तर दादा बसले असते, माणसं बोलायला लागली असती आणि सूत्रसंचालक माइकपाशी पोचला असता. मी ट्रम्पेट उचलला.

संथ भाग मी जसा लिहिला होता तसा वाजवला. घाई केली नाही, एकही आवर्तन गाळलं नाही. अर्धा वॉल्व्ह दाबून सूर घसरवत घ्यायच्या मींडा आहेत, त्या वरातीत कधी ऐकू जात नाहीत. तिथे मागच्या ओळीपर्यंत गेल्या. खाली मित्राचा सूर हलला नाही. श्वास तुटतोय असं एकदा वाटलं, पण त्यानं तो नाकानं ओढून घेतला आणि पुढे नेला. त्याच्या ओठाच्या कडेला थोडं रक्त दिसत होतं. त्यानं वाद्य खाली केलं नाही. दादा उभे होते म्हणून कुणाला बसता येत नव्हतं, आणि कुणी मेलंय म्हणून कुणाला बोलता येत नव्हतं. असे श्रोते मला पुण्यातही मिळाले नव्हते. परदेशात म्हणे रचना संपल्यावर लोक उभे राहतात. आमचे आधीच उभे होते.

शेवटचा सूर विरला. मित्रानं वाद्य मांडीवर ठेवलं, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "झालं पुरं."

दादांनी टोपी घातली, माइकवर येऊन दिवंगत आत्म्याला शांती लाभो असं सांगितलं आणि केक कापला.

दसऱ्यानंतर मित्र फडावर गेला. दात त्यानं आधीच काढून घेतले होते. दिवाळी झाल्यावर दादांच्या माणसाचा फोन आला. दादांच्या नात्यात वर्षश्राद्ध होतं आणि तीच रचना हवी होती, सगळी, कुठेही न कापता. फक्त मधली शांतता नको म्हणाले. तिथे त्यांनी आमदारांचं भाषण ठेवलं होतं.