भावोजींनी नको म्हणायचं होतं

निशिकांत भावोजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ, एकवीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर आहेत. चार-पाच महिने समुद्रावर, मग दोनेक महिने इथे सिंगापुरात, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये. घरी असले की वॉशिंग मशीनला कान लावून बसतात, असं त्यांची बायको मधुवंती सांगते. "माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात."

आमच्या जाईला सतराव्या वर्षी मरीन इंजिनिअरिंगच करायचं होतं. पॉलिटेक्निकच्या फॉर्मवर सोमवारपर्यंत पालकांची सही हवी होती आणि तिच्या बाबांनी, मंदारने, ती माझ्यावर सोडली होती. मी मधुवंतीला फोन करून गळ घातली, "भावोजींना सांग, तिला नको म्हणा. त्यांचं ऐकेल ती."

म्हणून शनिवारी आम्ही पाच जण नदीकाठच्या एका अमेरिकन ब्रूपबमध्ये जेवायला गेलो. काचेमागे दोन-दोन पुरुष उंचीच्या स्टीलच्या टाक्या. बिअर तिथेच तयार होते. भावोजींनी बसल्या बसल्या पेपर नॅपकिन भिजवून आपल्या ताटलीखाली पसरला.

"अहो, हे हॉटेल हलत नाही," मधुवंती म्हणाली.

"सवय." ते ओशाळले, पण नॅपकिन तसाच राहिला. समुद्र खवळला की ताटं घसरू नयेत म्हणून जहाजावर टेबलक्लॉथ ओला करतात, हे मला तेव्हा कळलं. मी केचपची बाटली उघडेपर्यंत त्यांचा बर्गर संपलाही होता. असं आयुष्य माणसाचं काय काय करतं, ते मी निरखत होते.

मी मधुवंतीला टेबलाखालून पाय लावला. तिने त्यांना लावला असावा.

"जाई," ते म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा मी ब्राझीलजवळ होतो. घरी पोचलो तर तेरावाही होऊन गेला होता. म्हणून सांगतो, नको."

"मग त्या दिवशी तुम्ही काय केलंत, काका?"

"आठ ते बारा ड्युटी होती. ती केली."

मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात काचेमागून घरघर सुरू झाली. भावोजींनी मान तिरकी केली. "ऐकलंस?"

"पंप," जाई म्हणाली. "आत खडे फिरताहेत असं वाटतंय. पाणी कमी पडतंय त्याला?"

दोघं उठून काचेपाशी गेले ते वीस मिनिटांनी आले. आमचे फ्राईज गार झाले.

"वहिनी," भावोजी म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तसं एकदा नको म्हणालो. आता पुन्हा नाही म्हणवणार."

"आई! तू सांगितलंस? सो स्नीकी, लाह!"

मंदार बिअरच्या ग्लासात तोंड लपवून हसत होता. मग महिनाभर मनात घोळत होतं तेच माझ्या तोंडातून निघालं. "भावोजी, केबिनला आतून कडी असते?"

"असते. केबिन तिची एकटीची, बाथरूमही."

"आणि चावी?"

"एक तिच्याकडे, एक कॅप्टनकडे."

"कॅप्टनकडे कशाला?"

जाईने कपाळाला हात लावला. भावोजी मात्र हसले नाहीत. त्यांनी ग्लासाखालचा पुठ्ठा उलटा केला, खिशातून पेन काढलं आणि केबिन काढायला घेतली. "हे बघा, हा दरवाजा..."

मी खुर्ची पुढे ओढली. माझे प्रश्न संपेपर्यंत आजूबाजूची दोन टेबलं रिकामी झाली. सही रविवारी सकाळी केली.