कापलेली ओळ

हे मी आजवर कुणाला बोललेली नाही. आमच्या ह्यांना नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? तेही धड ठाऊक नाही. तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, एवढंच असेल.

आधी गल्लीचं सांगते. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून गल्लीचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. त्याचं नावच ‘नळ आला’. ज्याच्या नळाला आधी धार लागेल त्यानं कळवायचं, की बाकीचे मोटार लावायला पळतात. पाण्याच्या दिवशी सगळे सकाळपासून पाइप जोडून, हातात फोन घेऊन दारात बसलेले. त्या रिकाम्या वेळात मी एकदा सहज टाकलं — टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबा आणि त्याचं टोक फोनच्या कॅमेऱ्यातून बघा, डोळ्यांना न दिसणारा उजेड दिसतो. अर्धी गल्ली रिमोट घेऊन रस्त्यावर! त्या दिवशी पाणी आलेलं दोघा-तिघांना कळलंसुद्धा नाही.

मी एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या परीक्षानळ्या धुतल्या. इथं मात्र मी एकदम ‘सायन्सवाल्या मॅडम’ झाले. ते मला किती आवडलं — हे सांगतानाच लाज वाटते. मग दर पाण्याच्या दिवसासाठी इंटरनेटवर काहीतरी हुडकून ठेवायचं, हा छंदच लागला. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा. सिनेमातला पाऊस नीट दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळायची युक्ती. लोक अंगठे दाखवायचे, हसायचे, आपल्या पाहुण्यांना पुढे पाठवायचे.

माझे नियम दोनच. पाच ओळींच्या वर जायचं नाही, कारण पाणी आलं की कोण वाचतंय? आणि घाबरवायचं नाही. एकदा चार्जिंगला लावलेला फोन तापतो तेव्हा काय होतं, असं काहीतरी टाकलं, तर समोरच्या काकूंनी फोन नेऊन तुळशीपाशी ठेवला आणि आठवडाभर आत आणला नाही. गल्लीनं माझी यथेच्छ टिंगल केली. तेव्हापासून मी भीतीचं असेल तेवढं कापायची. सवयच झाली ती. कोथिंबिरीचे देठ खुडावेत तसं, न बघता.

आता नरसय्याकाकांचं सांगायला हवं. किती वेळ टाळणार?

ते आमच्या शेजारचे. साठी ओलांडलेली, बायको गेलेली, मुलगी पद्मा मोडनिंबला शाळेत शिकवते. काका चादरीची नक्षी काढायचे. आलेखाच्या कागदावर एकेक चौकट रंगवत जायची; त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, ते पुठ्ठे मागावर चढतात, आणि मग चादरीत मोर उमटतो. एक चौकट चुकली तर मोराची मान मोडते. चाळीस वर्षं ते चौकटीच बघत आले होते. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

उन्हाळ्यातली गोष्ट. मला एक चित्र सापडलं. साधी चौकटींची जाळी, मध्ये एक काळा ठिपका. एक डोळा झाका, ठिपक्याकडं बघा, मग दुसरा झाका. मजकूर चांगला ऐसपैस होता — डोळा मेंदूला कसा फसवतो, दिसत नाही ती जागा मेंदू स्वतःच कशी भरून टाकतो. आणि अगदी खाली एक ओळ. रेषा वाकड्या किंवा तुटलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका.

ती सहावी ओळ होती. ती भीतीची होती. मी ती कापली.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. कुणीही म्हणेल. पण मी कबूल करायला बसलेय ते हे नाही.

पोस्ट टाकून वीसेक मिनिटं झाली असतील. ग्रुपवर धमाल चालली होती — कुणी म्हणे माझा ठिपका नाचतो, कुणी म्हणे मला बायकोच दोन दिसतात. आणि नरसय्याकाका कुंपणापाशी आले. डाव्या डोळ्यावरून हात काढत, परत ठेवत, जरा हसतच म्हणाले, “मधल्या रेघा वाकड्या दिसायल्यात की गं मला. एक चौकट तर न्हाईच तितं. तुला बी तसंच दिसायलंय का?”

ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. अक्षरन् अक्षर. मी काय म्हणाले असेन?

“मोबाईलवर चित्र दबतं, काका. त्यानं होतं तसं.”

कुणी विचारलंही नव्हतं की तसं का होतं. मीच कारण तयार करून दिलं. आणि ते, चाळीस वर्षं चौकटी बघितलेला माणूस, माझ्यावर विश्वास ठेवून “व्हय, तसंच असंल” म्हणाले आणि गेले. तेवढ्यात नळ आला. ओरडा झाला, मी मोटारीकडं पळाले. पण पाण्याचं निमित्त मी सांगणार नाही. पाणी तासाभरात गेलं. पुढे अख्खी दुपार होती, अख्खा मे महिना होता, जून होता.

त्याच दुपारी मी ती पोस्ट सगळ्यांसाठी काढून टाकली. कुणीतरी विचारलं तर लिहिलं, चित्र धूसर होतं. म्हणजे मला कळलं होतं ना? ज्याला काही माहीत नसतं, तो पोस्ट कशाला पुसेल?

का नाही सांगितलं? शंभरदा विचारलंय स्वतःला. सांगायचं म्हणजे आधी म्हणावं लागलं असतं — काका, खाली एक ओळ होती, ती मी काढली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. ग्रुपला कळलं असतं. सायन्सवाल्या मॅडमची ती पहिली टिंगल झाली होती, आता दुसरी झाली असती. बस, एवढंच. याच्यामागं दुसरं मोठं काही नाही. असतं तर बरं झालं असतं.

मग मी नुसती बघत राहिले. कुंपणापलीकडं काका चहा ओतायचे, थोडा बशीबाहेर. वर्तमानपत्र मान तिरकी करून वाचायचे. एक नक्षी कारखान्यातून परत आली, मोराच्या पिसाऱ्यात चौकटी सरकल्या होत्या. ते म्हणाले चष्म्याचा नंबर वाढला असंल. मी म्हणाले, असेल. नवा चष्मा आणला. त्यानं काही झालं नाही. दर पाण्याच्या दिवशी मी नवीन काहीतरी टाकतच होते, आणि ते फोन डोळ्याशी धरून अंगठा दाखवत होते. त्यांचा अंगठा उमटला की मी फोन पालथा ठेवायची. तरी मी टाकत होते.

दिवाळीच्या तोंडावर पद्मा आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मलाही सोबत नेलं, मला सायन्समधलं कळतं म्हणून. डॉक्टरांनी भिंतीवर तशीच जाळी लावली होती. रेषा वाकड्या कधीपासून दिसतात, त्यांनी विचारलं. काका म्हणाले उन्हाळ्यापासून. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आला असता तर इंजेक्शनं देऊन बरीच नजर राखता आली असती. उजव्या डोळ्याचं मधलं आता परत यायचं नाही. डाव्यात सुरुवात झालीय, तिथं प्रयत्न करू.

पद्मा रडायला लागली. म्हणाली, बाबा, सांगितलं का नाहीत? काका म्हणाले, “मला वाटलं मोबाईलचा दोष हाय.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. विसरले होते, की मुद्दाम? मला अजून कळलेलं नाही. ते कळून घ्यायची हिंमत नाही, हे जास्त खरं. मी पद्माच्या पाठीवरून हात फिरवत उभी होते. तिनं नंतर माझे आभार मानले.

नक्षीचं काम सुटलं. आलेखाचे कागद त्यांनी कारखान्यात देऊन टाकले. आता दुपारी ओट्यावर बसतात, आणि मी कॉलेजातून आले की मला बोलावतात — आज काय सापडलं, वाच की. मी वाचते. त्यांचा चेहरा माझ्याकडं असतो, पण नजर माझ्या जरा बाजूला, कारण समोरचं त्यांना दिसत नाही. कडेनं दिसतं. मी दिसते का त्यांना? किती दिसते?

गेल्या आठवड्यात म्हणाले, घरच्यांनी बी डोळे तपासावेत म्हणून डॉक्टर बोललेत, पद्माला चौकटींचं चित्र पाठव. आणि गल्लीला बी टाक, खाली काय लिहिलेलं असंल ते समदं टाक.

मी टाकलं. सहाच्या सहा ओळी. वर लिहिलं, ‘आज सापडलेली महत्त्वाची माहिती’. खूप अंगठे आले. कुणी लिहिलं, मॅडम, तुमच्यामुळे कुणाचा तरी डोळा वाचेल. मी काकांना शेवटची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. ते ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

मग म्हणाले, “हे तुला आधी सापडलं असतं तर लई बरं झालं असतं बघ.”

मान माझ्या बाजूला वळवून ते थांबले. चांगले थांबले.

मी म्हणाले, “हो ना काका. आत्ताच सापडलं.”